शेतावरील साहस-शिबिरे आणि पाहुण्यांचे हमीपत्र

सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत शेतीस पूरक असा कृषी पर्यटनाचा धंदा गेल्या दोन दशकांत चांगलाच रुजला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले व अशा केंद्रांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होऊ लागली. प्रारंभी हुरडा, चुलीवरचे जेवण आणि बैलगाडीतून शिवारफेरी एवढ्यापुरताच हा धंदा मर्यादित होता. आता शाळा, महाविद्यालये व शहरांतील कचेऱ्या आपली मंडळी दोन-तीन दिवसांच्या शिबिरासाठी शेतावर पाठवितात. त्या शिबिरांत गडावरील चढाई, दोराच्या साहाय्याने कडा उतरणे, शेततळ्यात पोहणे, रात्रीची रानफेरी असे कार्यक्रम असतात. खरीप हातचा गेला असता ह्या उत्पन्नाने घर सावरल्याची उदाहरणे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आहेत. तेव्हा हा धंदा टिकावा व वाढावा अशीच कोणाचीही इच्छा राहील.

ह्या शिबिरांच्या मागोमाग एक कागदही शेतावर येऊन पोहोचला आहे. शिबिरात येणाऱ्याकडून आगाऊ सही घेण्यात येते की, आपण स्वतःच्या जबाबदारीवर भाग घेत असून दुखापत झाल्यास अथवा मृत्यू ओढवल्यास केंद्रचालक जबाबदार राहणार नाहीत. कोणी त्यास हमीपत्र म्हणतात, कोणी संमतिपत्र, तर कोणी इन्डेम्निटी बाँड. ह्या कागदाविषयी केंद्रचालकांत बराच गैरसमज असल्याचे आढळून आल्यावरून हा लेख लिहिला आहे.

गतवर्षी पावसाळ्याच्या अखेरीस अशा एका केंद्रास भेट देण्याचा योग आला. केंद्र नीटनेटके होते. चालकाने मोठ्या आस्थेने हमीपत्रांची फाईल दाखविली. पत्र इंग्रजीत व दोन पानी होते. एका कलमात, वाद उद्भवल्यास त्याचा निर्णय कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यानुसार होईल, असे छापलेले होते! कोठून तरी उतरवून घेतलेला तो नमुना होता. त्या दिवशी आलेल्या बेचाळीस मुलांसाठी त्यावर बरोबरच्या शिक्षकाची एकच सही होती. अंगणापासून वीस पावलांवर शेततळे होते व त्यास कुंपण नव्हते. त्याविषयी विचारले असता चालक म्हणाले, "साहेब, कागद घेतला आहे ना सगळ्यांचा."

आम्ही बोलत असतानाच एका मुलाचा चेंडू तळ्यात गेला आणि तो काढावयास मुलगा उतारावर उतरला. अस्तर टाकलेल्या तळ्याचा उतार ओला झाला म्हणजे त्यावर पाय ठरत नाही, आणि आत गेलेल्या पोहणाऱ्या माणसालाही वर चढता येत नाही. गोठ्यात काम करणाऱ्या गड्याने बैलाचा कासरा फेकला म्हणून मुलगा कमरेएवढा भिजून बाहेर आला. अस्तरालाही आपल्याकडे कागदच म्हणतात. त्या केंद्रावर विसंबण्यासारखा त्या दिवशी दोहोंपैकी एकही कागद नव्हता.

तीन निरनिराळी वचने

एकाच पत्रात सामान्यतः तीन गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या करून पाहणे अवश्य आहे. पहिली गोष्ट माहितीची व संमतीची होय. कार्यक्रमात कोणते धोके आहेत हे आपणांस सांगितले व ते समजून आपण भाग घेत आहोत, असे येणारा लिहून देतो. दुसरी गोष्ट हक्क सोडण्याची, म्हणजे इजा झाली तरी भरपाई मागणार नाही ह्या वचनाची. तिसरी गोष्ट नुकसान भरून देण्याची. दुसऱ्या कोणी चालकावर दावा केला तर तो खर्च आपण सोसू, असे येणारा कबूल करतो. इन्डेम्निटी हा शब्द खरे पाहता केवळ ह्या तिसऱ्या वचनास लागू पडतो.

बहुतेक चालकांची सारी भिस्त दुसऱ्या व तिसऱ्या वचनावर असते. पहिल्याकडे ते औपचारिकता म्हणून पाहतात. आपल्या देशातील कायद्याची स्थिती पाहिली तर हा क्रम नेमका उलटा असावयास हवा.

कायदा काय पाहतो

साहसी खेळांच्या हमीपत्रांसंबंधी आपल्याकडे स्वतंत्र असा कायदा नाही. म्हणून भारतीय करार कायदा, १८७२ ह्याच्या आधारेच विचार करावा लागतो. ह्या कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे ज्या कराराचा उद्देश सार्वजनिक हिताच्या धोरणास विरोधी असेल तो करार न्यायालय मानीत नाही. पैसे घेऊन सेवा देणाऱ्याने स्वतःच्या हयगयीचे परिणाम आगाऊच दुसऱ्याच्या माथी मारावेत, ही गोष्ट न्यायालये सहजासहजी मान्य करीत नाहीत.

ह्या संदर्भात एक खटला लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९९८ साली दिल्लीतील एका मोठ्या हॉटेलात उतारूने मोटार लावण्यासाठी नोकराच्या स्वाधीन केली व ती चोरीस गेली. मोटारीच्या बदल्यात दिलेल्या बिल्ल्यावर, वाहन पाहुण्याच्या जबाबदारीवर ठेवले आहे, असे छापलेले होते. २०१९ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, स्वतःच्या किंवा नोकरांच्या हयगयीबद्दलचे दायित्व हॉटेलला अशा छापील मजकुराने झटकून टाकता येत नाही. हा दावा मोटारीचा, म्हणजे सांभाळण्यास दिलेल्या वस्तूचा होता. माणसाच्या जीविताविषयी न्यायालय ह्याहून सैल धोरण स्वीकारील, असे समजण्यास काही आधार नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २०२० च्या जुलैपासून अमलात आला. शुल्क भरून शिबिरात येणारा पाहुणा ह्या कायद्याखाली ग्राहक ठरतो. ग्राहकावर अवाजवी अट लादून त्याचे अहित करणारा करार ह्या कायद्यात अनुचित करार म्हटला असून त्यातील अशा अटी रद्द ठरविण्याचा अधिकार राज्य व राष्ट्रीय आयोगांस दिलेला आहे. फाटकाशी बस येऊन उभी राहिल्यावर, पैसे आधीच भरलेले असताना, सही करा नाही तर परत जा, असे म्हणून घेतलेली सही ह्या कसोटीस कितपत उतरेल, ह्याचा चालकांनीच विचार करावा. पत्र शंभर किंवा पाचशे रुपयांच्या मुद्रांक कागदावर लिहून घेतल्यानेही त्यात फरक पडत नाही. अवैध अट मुद्रांकाने वैध होत नसते.

फौजदारी जबाबदारीचा प्रश्न तर निराळाच आहे. हयगयीने मृत्यू घडविल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या दंडसंहितेत ही मर्यादा दोन वर्षांची होती. असा खटला शासनातर्फे चालतो. मृताने किंवा त्याच्या नातलगांनी कोणतेही पत्र लिहून दिलेले असले तरी त्यामुळे तो थांबत नाही.

परदेशी नमुन्यांवर एवढा विश्वास का बसतो, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील अनेक राज्यांत प्रौढ व्यक्तीने सही केलेले मुक्तिपत्र न्यायालये पुष्कळ अंशी मान्य करतात, म्हणून तेथील नमुन्यांची भाषा ठाम असते. उलटपक्षी इंग्लंडात १९७७ च्या कायद्यानुसार, धंदा करणाऱ्यास स्वतःच्या हयगयीने झालेल्या मृत्यूची वा शारीरिक इजेची जबाबदारी कराराने अथवा सूचनाफलकाने टाळताच येत नाही. दुसऱ्याच्या जमिनीतील वाण आपल्या जमिनीत जसेच्या तसे येत नाही, हे शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको.

अंगभूत धोका आणि हयगय

मग पत्र घेऊच नये काय? घ्यावे, परंतु त्याचा उपयोग कोठवर आहे हे जाणून घ्यावे. ह्यासाठी धोक्यांचे दोन प्रकार मनात स्पष्ट असले पाहिजेत.

काही धोके त्या कार्यक्रमाच्या अंगचेच असतात. श्रावणात बांधावरून चालताना ओल्या गवतावर पाय घसरणे, गड चढताना दम लागणे, रानात जळवा लागणे, घोंगावणाऱ्या एखाद्या मधमाशीने दंश करणे, ह्या गोष्टी कितीही काळजी घेतली तरी सर्वस्वी टळत नाहीत. ज्या प्रौढ माणसाने असा धोका जाणून, कोणाच्या दडपणाशिवाय तो पत्करला, त्यास पुढे त्याबद्दल तक्रार करता येत नाही, हे तत्त्व आपली न्यायालयेही मानतात. मात्र त्याला धोका ठाऊक होता हे दाखविता आले पाहिजे. पत्राचे खरे मोल येथे आहे.

दुसऱ्या प्रकारचे धोके चालकाच्या हयगयीने निर्माण होतात. मचाणाच्या शिडीची पायरी कुजलेली असून ती बदललेली नसणे, कडा उतरण्याचा दोर तीन पावसाळे उन्हात पडलेला असणे, मधुमक्षिकांच्या पेट्यांना लागून तंबू ठोकणे, कीटकनाशकांच्या बाटल्या मुलांच्या झोपण्याच्या खोलीत फळीवर ठेवणे, मोटारपंपाची वायर उघडी असणे, कठडा नसलेली विहीर झाकलेली नसणे, धरणातून पाणी सुटण्याची चौकशी न करता मुलांस नदीपात्रात उतरविणे. ह्यांपैकी एकाही गोष्टीस पाहुण्याने संमती दिलेली नसते, कारण पायरी कुजकी आहे हे त्यास कोणी सांगितलेलेच नसते. आणि सांगण्याइतके ते आपणांस ठाऊक असेल, तर मग पत्र लिहून घेण्यापेक्षा पायरी बदलणे अधिक स्वस्त पडते.

एखादा धोका कोणत्या प्रकारात मोडतो ह्याविषयी शंका वाटल्यास एक साधी कसोटी लावावी. तो धोका आपण आजच्या आज, बेताच्या खर्चात दूर करू शकतो काय? करू शकत असू तर त्यास पत्रात स्थान नाही. तो दूर करावयाचाच. शेततळ्यास तारेचे कुंपण व कुलूपबंद फाटक, काठावरून पाण्यापर्यंत सोडलेले गाठी मारलेले दोर, पाण्यात तरंगत्या ट्यूब आणि पोहण्याच्या वेळी काठावर दुसरे काहीही काम नसलेला एक पोहणारा माणूस, एवढी व्यवस्था पाच-पन्नास पत्रांहून अधिक संरक्षण देते. मुलांचे व चालकाचेही.

मुलांच्या बाबतीत

शिबिरांत येणाऱ्यांत शालेय मुलांची संख्या मोठी असते आणि पत्राचा सर्वांत कमी आधार मिळतो तोही येथेच. अठरा वर्षांखालील व्यक्तीस करार करण्याची कायदेशीर पात्रता नाही. तिने केलेला करार मुळातच रद्दबातल ठरतो, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली दिला असून तो आजही प्रमाण मानला जातो. तेव्हा दहावीतल्या मुलाची सही केवळ शाईचा खर्च होय. शिक्षक हा मुलाचा पालक नव्हे, त्यामुळे त्याने मुलाच्या वतीने हक्क सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पालकाची सही घेतली तरी मुलाचा स्वतःचा भरपाईचा हक्क त्यामुळे संपतो, असे धरून चालणे धोक्याचे आहे.

१९९५ साली पठाणकोटजवळच्या एका शाळेची मुले बियास नदीच्या काठी सहलीस गेली असता त्यांपैकी १४ मुले बुडून मृत्यू पावली. बरोबरच्या शिक्षकांच्या हयगयीबद्दल शाळेसही जबाबदार धरण्यात आले, आणि प्रत्येक मुलामागे पाच लाख रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली कायम केली. ज्यांच्या हाती मूल सोपविले त्यांनी घरच्या जाणत्या माणसाइतकी काळजी घेतली पाहिजे, अशी अपेक्षा न्यायालय करते. शिबिराच्या काळात मूल शाळेबरोबर आपल्याही हाती सोपविलेले असते.

तरीही पालकाची सही अवश्य घ्यावी, ती वेगळ्या कारणासाठी. मुलास दमा, अपस्मार, हृदयविकार आहे काय, मधमाशीच्या दंशाने अंगावर गांधी उठतात काय, पोहता येते काय, नेहमीचे औषध कोणते, रात्री-अपरात्री कोणत्या क्रमांकावर फोन करावयाचा आणि तातडीच्या उपचारास संमती आहे काय, ही माहिती पालकाखेरीज कोणी देऊ शकत नाही. शिक्षकाच्या एका सहीत ह्यांतील काहीच मिळत नाही.

पत्र कसे लिहावे

पत्र मराठीत, किंवा येणाऱ्यास जी भाषा समजते त्या भाषेत असावे. एक पान पुरे. ते नोंदणीच्या वेळीच पाठवावे आणि वाचून कोणाचा विचार बदलल्यास भरलेली रक्कम परत मिळेल असे त्यात स्पष्ट म्हणावे. प्रत्येक कार्यक्रमाचा धोका वेगळा लिहावा. "सर्व प्रकारचे धोके" असे मोघम लिहिलेले पत्र काहीच न लिहिल्यासारखे होय. साधारण असा मजकूर ठेवता येईल:

"आपल्या शिबिरातील पुढील कार्यक्रमांची माहिती मला देण्यात आली आहे. गडावरील वाट सुमारे दोन तासांची असून शेवटचा टप्पा खडकाळ व पावसात निसरडा असतो. तेथे पडून हाड मोडण्याचा संभव आहे. रानफेरीत साप, विंचू व जळवा आढळतात. पायांत बूट असणे आवश्यक आहे. शेततळ्याची खोली पुरुषभराहून अधिक आहे. पोहता न येणाऱ्यास त्यात उतरता येणार नाही. सर्वांत जवळचे ग्रामीण रुग्णालय येथून मोटारीने चाळीस मिनिटांवर आहे. मार्गदर्शकाच्या सूचना मी पाळीन. कोणताही कार्यक्रम नाकारण्याची मला मोकळीक आहे. माझ्या प्रकृतीविषयी पुढे दिलेली माहिती खरी आहे."

अंतरे, खोली व वाटेची स्थिती ज्याने त्याने आपल्या शेताप्रमाणे लिहावी. मोजल्याशिवाय लिहू नये. रुग्णालयाचे अंतर लिहिताना पुष्कळांचा हात अडखळतो, कारण गिऱ्हाईक बिचकेल असे वाटते. परंतु सर्पदंश झाल्यावर ते अंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. सर्पदंशावरील लस त्या रुग्णालयात आहे किंवा नाही, ह्याची चौकशी प्रत्येक हंगामाच्या आरंभी स्वतः जाऊन करावी व १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या फाटकापर्यंत येऊ शकते काय हेही पाहून ठेवावे.

पत्र दिल्यावर कार्यक्रमापूर्वी तोच मजकूर सर्वांसमोर तोंडी सांगावा. ज्यास वाचता येत नाही त्यास वाचून दाखवून तसे साक्षीदाराच्या सहीने नोंदवावे. "केंद्राच्या हयगयीबद्दलही दावा करणार नाही" अशी अट घालण्याचा मोह टाळावा. तिच्यापासून लाभ थोडा, आणि पुढे न्यायालयात आपला हेतू संशयास्पद दिसण्याचा संभव मात्र पुष्कळ. मोबाईलवर खूण करून घेतलेली संमतीही चालू शकते; परंतु कोणी, केव्हा व कोणत्या मजकुरास संमती दिली हे नंतर दाखविता येईल अशी नोंद राहिली पाहिजे.

विमा व नोंदणी

पत्राने जे साधत नाही ते विम्याने काही अंशी साधते. पाहुण्यांस झालेल्या इजेबद्दल चालकावर येणारी देणी भागविणारा सार्वजनिक दायित्व विमा, आणि प्रत्येक शिबिरार्थीचा अपघात विमा, असे दोन वेगळे विमे असतात. पहिल्याने चालकाचे देणे भागते व दुसऱ्याने पाहुण्यास मदत मिळते. विमा घेताना सर्व कार्यक्रम एकूण एक लिहून द्यावेत. कडा उतरण्याचा कार्यक्रम विमा कंपनीस कळविलेला नसेल तर भरपाईच्या वेळी नेमके तेच कारण पुढे येते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाहुण्यांस बसवून शिवार दाखविण्याची प्रथा तर सर्वथा बंद करावी. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी असतो. ट्रॉलीतील माणसांच्या इजेची जबाबदारी विमा कंपनी नाकारते आणि सारी भरपाई मालकाच्या जमिनीवर येऊन पडते.

कडा उतरणे, दोरावरून दरी ओलांडणे, नौकानयन अशा जमिनीवरील, पाण्यावरील वा हवेतील साहसी कार्यक्रमांसाठी राज्याचे २०२१ सालचे वेगळे साहसी पर्यटन धोरण असून त्याप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे निराळी नोंदणी करावी लागते. कृषी पर्यटनाची नोंदणी झाली म्हणजे हेही करण्याची मुभा मिळाली, असे नव्हे. शिकलेला मार्गदर्शक व योग्य साधने नसतील तर हे कार्यक्रम घेऊ नयेत. हुरड्यास आलेला पाहुणा कडा उतरावयास मिळाला नाही म्हणून परत जात नाही.

सह्या झालेली पत्रे, साधनांच्या तपासणीची वही आणि किरकोळ अपघातांचीही तारीखवार नोंद जपून ठेवावी. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत सामान्यतः दोन वर्षांची आहे. अल्पवयीनांस मात्र मुदतीच्या कायद्याने सवलत असल्याने मुलांची पत्रे ते मूल एकवीस वर्षांचे होईपर्यंत ठेवणे इष्ट होय. पत्रे उंदीर व वाळवी ह्यांपासून दूर पत्र्याच्या पेटीत ठेवावीत व त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत.

वर उल्लेखिलेल्या केंद्रावर ह्या वर्षी पुन्हा जाणे झाले. तळ्यास कुंपण झाले आहे. नवे पत्र मराठीत आहे. त्यात नदीत डुंबण्याच्या कार्यक्रमाचा धोका लिहावयास बसले असता, वरच्या धरणातून पाणी केव्हा सुटते हे आपणांस निश्चित ठाऊक नाही, असे चालकाच्या ध्यानात आले. त्यांनी ते वाक्य खोडले आणि कार्यक्रमही काढून टाकला.